यंत्रास वाक्य वाचावयास शिकविणाऱ्या ग्रेस हॉपर

दरवर्षीं वाक्यपृथक्करणाचा धडा सुरू झाला कीं वर्गांतून एक प्रश्न हटकून येतो. उद्देश्य कोणतें, विधेय कोणतें, कर्म कोठें आहे, हें शोधून काढण्याचा पुढें उपयोग काय? बोलतांना तर कोणी उद्देश्य-विधेयाचा विचार करीत नाहीं; मग परीक्षेच्या गुणांपलीकडे या खटाटोपास कांहीं अर्थ आहे काय? आम्हीं आजपर्यंत या प्रश्नास नाना प्रकारचीं उत्तरें दिलीं. परंतु वर्गाचें समाधान झालें, असें प्रामाणिकपणें म्हणवत नाहीं. म्हणून यंदा उत्तर देण्याऐवजीं एका बाईंचें चरित्र सांगावें, असें आम्हीं योजिलें आहे. या बाई भाषेच्याच परीक्षेंत एकदां नापास झाल्या होत्या. आणि पुढें त्यांनींच निर्जीव यंत्रास वाक्य वाचावयास लाविलें.

ग्रेस ब्रूस्टर मरे हिचा जन्म ता. ९ डिसेंबर १९०६ रोजीं अमेरिकेंतील न्यूयॉर्क शहरीं झाला. तीन भावंडांत ती थोरली. वडील विम्याचा व्यवसाय करीत. आईस गणिताची विलक्षण आवड होती. परंतु तिच्या तरुणपणीं मुलींनीं उच्च गणित शिकावें, अशी रीत नव्हती, म्हणून ती आवड मनांतच राहिली. पुढें दुखण्यामुळें वडिलांचे दोन्ही पाय कापावे लागले. ज्या गृहस्थास स्वतःच्या पायांवर उभें राहतां येईना, त्यानें मुलाप्रमाणेंच मुलींनाही स्वतःच्या पायांवर उभें करण्याचा निश्चय केला. या निश्चयाचें फळ सर्व जगास मिळालें.

ग्रेस सात वर्षांची असतांनाची एक गोष्ट प्रसिद्ध आहे. उन्हाळ्यांत हें कुटुंब न्यू हॅम्पशायर प्रांतांतील एका तळ्याकांठच्या घरीं राहावयास जाई. त्या घरीं निजण्याच्या खोल्यांतून गजराचीं घड्याळें ठेविलेलीं असत. गजर कसा वाजतो हें पाहण्यासाठीं ग्रेसनें एक घड्याळ उघडलें. चक्रें बाहेर आलीं, तीं पुन्हां जागेवर बसेनात. मूळचीं तीं कशीं बसविलेलीं होतीं हें समजावें म्हणून तिनें दुसरें उघडलें, मग तिसरें. आणि अशा रीतीनें घरांतील सातही घड्याळें सुटीं झालीं! आईनें काय करावें? तिनें मुलीस घड्याळास हात लावण्याची बंदी केली नाहीं. यापुढें एकच घड्याळ उघडावयाचें, एवढीच मर्यादा घातली. आमच्या मासिकाच्या वाचकांत जे पालक आहेत, त्यांनीं या निवाड्याचा अवश्य विचार करावा. कोणतीही गोष्ट समजून घ्यावयाची तर तिचे भाग सुटे करून, प्रत्येक भागाचें काम पाहून, पुन्हां जुळवावे लागतात. वाक्यपृथक्करण म्हणजे तरी दुसरें काय आहे?

सोळाव्या वर्षीं ग्रेसनें व्हॅसार या मुलींच्या नामांकित कॉलेजांत प्रवेश मिळविण्याचा प्रयत्न केला. परंतु लॅटिन भाषेच्या परीक्षेंत गुण कमी पडल्यामुळें प्रवेश मिळाला नाहीं. एक वर्ष थांबून, पुन्हां अभ्यास करून, ती तेथें गेली. १९२८ सालीं गणित व पदार्थविज्ञान हे विषय घेऊन ती पदवीधर झाली. पुढें येल विद्यापीठांतून १९३० सालीं एम्. ए. व १९३४ सालीं गणिताची डॉक्टरेट तिनें मिळविली. १९३० सालींच व्हिन्सेंट हॉपर या गृहस्थांशीं तिचा विवाह झाला. हा विवाह १९४५ सालीं संपुष्टांत आला. परंतु हॉपर हें आडनांव कायम राहिलें, आणि आपणही यापुढें त्यांना हॉपरबाई असेंच म्हणूं.

१९३१ सालापासून हॉपरबाई व्हॅसारमध्यें गणित शिकवूं लागल्या. त्यांची एक पद्धत आम्हां शिक्षकांस विशेष मननीय वाटते. संभवशास्त्राच्या वर्गांत एक सूत्र समजावून दिल्यावर, त्या सूत्राविषयीं निबंध लिहून आणावा, असें त्या मुलींस सांगत. हा वर्ग गणिताचा आहे, भाषेचा नव्हे, अशी मुली तक्रार करीत. त्यावर बाईंचें म्हणणें असें असे कीं, जें दुसऱ्यास समजेल अशा भाषेंत सांगतां येत नाहीं, तें गणित शिकून उपयोग नाहीं. गणित आणि भाषा या दोन निरनिराळ्या खोल्या असून मधलें दार बंद आहे, असें त्यांनीं कधींच मानलें नाहीं. पुढील सर्व कार्याचें बीज येथेंच आहे.

डिसेंबर १९४१ मध्यें अमेरिका महायुद्धांत उतरली. हॉपरबाईंच्या घराण्यांत आरमारी चाकरीची परंपरा होती. त्यांच्या एका पणजोबांनीं आरमारांत मोठा हुद्दा भोगला होता. परंतु बाईंचें वय पस्तिशीच्या आसपास, आणि वजन अवघें १०५ पौंड, म्हणजे नियमापेक्षां सुमारें १५ पौंडांनीं कमी! शिवाय सरकारच्या मतें गणिताच्या प्राध्यापकांनीं आपल्या जागींच राहावें हें अधिक इष्ट. बाईंनीं पिच्छा सोडला नाहीं. अखेर वजनाच्या नियमांतून सूट मिळवून १९४३ च्या डिसेंबरांत त्या आरमाराच्या राखीव दलांत दाखल झाल्या, प्रशिक्षणांत पहिल्या आल्या, आणि जुलै १९४४ मध्यें हार्वर्ड विद्यापीठांतील एका नव्या यंत्रावर त्यांची नेमणूक झाली.

हें यंत्र म्हणजे हार्वर्ड मार्क वन. लांबी ५१ फूट, उंची ८ फूट, वजन सुमारें पांच टन. यंत्राचे जनक हॉवर्ड एकन हे मोठे कडक अधिकारी. बाई हजर होतांच त्यांनीं त्यांच्यापुढें एक किचकट गणित टाकलें आणि आठवड्याची मुदत दिली. यंत्राची ओळख करून घेण्यास वेगळा वेळ नाहीं! हें यंत्र एका सेकंदांत तीन बेरजा करी, आणि एका गुणाकारास त्यास सुमारें सहा सेकंद लागत. आज हें ऐकून आपणांस हंसूं येईल. परंतु न थकतां रात्रंदिवस आंकडेमोड करणारें दुसरें साधन त्या वेळीं फारसें नव्हतें. यंत्रास आज्ञा द्यावयाच्या त्या कागदी पट्टीवर भोंकें पाडून. प्रत्येक आज्ञा म्हणजे अमुक ओळींत अमुक ठिकाणीं भोंक. तींत शब्द नाहीं, वाक्य नाहीं. एक भोंक चुकलें कीं सर्व उत्तर चुकलें.

एकन यांच्या आज्ञेवरून हॉपरबाईंनीं या यंत्राची समग्र माहिती देणारा ५६१ पृष्ठांचा ग्रंथ तयार केला. तो १९४६ सालीं प्रसिद्ध झाला. याच काळांतील एक आख्यायिका येथें दुरुस्त करून ठेवितों. मार्क टू या पुढील यंत्रांत ता. ९ सप्टेंबर १९४७ रोजीं एक पतंग अडकलेला सांपडला व तो नोंदवहींत चिकटविण्यांत आला, हें खरें; ती वही वॉशिंग्टनच्या संग्रहालयांत जपलेली आहे. परंतु तो पतंग हॉपरबाईंनीं स्वतः शोधला नव्हता, आणि यंत्राच्या दोषास किडा म्हणण्याची पद्धतही त्याच्या फार पूर्वींची आहे. बाई ही गोष्ट रंगवून सांगत, म्हणून ती त्यांच्या नांवावर पडली एवढेंच.

खरे किडे माणसांच्या हातून पडत. हॉपरबाईंच्या ध्यानांत आलें कीं, त्यांचे सहकारी एकदां बरोबर चाललेल्या आज्ञांचे तुकडे एकमेकांच्या वह्यांतून उतरून घेतात. उतरतांना स्थानांचे क्रमांक बदलावे लागत, म्हणजे प्रत्येक ठिकाणीं एक बेरीज करावी लागे. आणि मोठमोठे पदवीधर साध्या बेरजेंत चुकत, उतारा करण्यांतही चुकत! चाराचा आंकडा दुसऱ्याच चिन्हासारखा दिसे, अक्षराचा आंकडा होई. बाईंनीं विचार केला, कीं उतारा करणें व बेरीज करणें हीं तर यंत्राचींच कामें. मग तीं माणसानें कां करावीं?

१९४९ सालीं त्या फिलाडेल्फिया येथील एकर्ट-मॉकली यांच्या कंपनींत गेल्या. तेथें युनिव्हॅक हें विजेवर फार वेगानें चालणारें गणकयंत्र तयार होत होतें. १९५२ सालीं त्यांनीं या यंत्रासाठीं ए-झिरो नांवाची आज्ञावली पुरी केली. तयार तुकड्यांस क्रमांक द्यावयाचे. माणसानें फक्त क्रमांकांची यादी लिहावयाची. यंत्रानें ते तुकडे आपल्या कोठारांतून काढून, बेरजा करून, एकत्र जुळवावयाचे. अशा जुळविणाऱ्या आज्ञावलीस त्यांनीं कंपायलर हें नांव दिलें. आज या शब्दाचा अर्थ बराच विस्तारला आहे, आणि आजच्या अर्थानें ए-झिरो हा पुरा कंपायलर नव्हता. परंतु यंत्रानेंच यंत्रासाठीं आज्ञा लिहाव्यात हा विचार येथें मूर्त झाला.

यांत एक अडचण फार गमतीनें सुटली. यादी वाचतांना कधीं कधीं पुढें येणाऱ्या तुकड्याकडे उडी घ्यावी लागे. आणि तो तुकडा कोठें बसेल हें अद्याप ठाऊकच नसे. सर्व यादी पुन्हां आरंभापासून वाचण्याइतकी साधनें हाताशीं नव्हतीं. हॉपरबाई कॉलेजांत बास्केटबॉल खेळत. त्या काळच्या मुलींच्या नियमांप्रमाणें खेळाडूस मध्यरेषा ओलांडतां येत नसे, म्हणून चेंडू दुसऱ्या बाजूच्या गड्याकडे फेंकावा लागे. बाईंनीं यंत्राच्या स्मरणकोशाच्या शेवटीं एक लहानशी मोकळी जागा राखून ठेविली. पुढची उडी आली कीं ती या जागेंत टाकावयाची आणि खूण करून ठेवावयाची. तो पुढचा तुकडा आला कीं त्यानें आपल्या नांवाची खूण आहे काय हें पाहून चेंडू झेलावयाचा. अशा रीतीनें एकाच वाचनांत काम उरकलें. मैदानावरचा वेळ वाया जातो, असें म्हणणाऱ्यांनीं ही गोष्ट लक्षांत ठेवावी.

परंतु याहून मोठा विचार बाईंच्या मनांत घोळत होता. गणितज्ञास चिन्हें प्रिय असतात; पण दुकानाचा साठा, नोकरांचा पगार, विम्याचे हप्ते यांचे हिशेब ठेवणारीं माणसें शब्दांनीं विचार करतात. त्यांनीं चिन्हांची भाषा कां शिकावी? त्यांच्या धंद्यापुरती, त्यांच्याच शब्दांची एक लहान भाषा करावी आणि ती यंत्रास शिकवावी. वरिष्ठांनीं सांगितलें कीं हें अशक्य आहे; गणकयंत्रास इंग्रजी शब्द कळत नाहींत. बाईंनीं वाद न घालतां एक छोटा नमुना तयार केला आणि १९५५ च्या आरंभास तो वरिष्ठांपुढें ठेविला. इंग्रजी आज्ञा यंत्रानें पाळल्या. मग तोच नमुना फ्रेंच शब्दांत व जर्मन शब्दांत करून दाखविला. येथें मात्र सर्व बिघडलें! फिलाडेल्फियांत बनविलेल्या अमेरिकन यंत्रास फ्रेंच व जर्मन कसें येईल, अशी वरिष्ठांची मति कुंठित झाली. यंत्रास यांतील कोणतीच भाषा येत नाहीं. त्याच्या दृष्टीनें शब्द म्हणजे चिन्हांची एक माळ असून ती कोष्टकांतील माळेशीं जुळते कीं नाहीं एवढेंच तें पाहतें, हें त्यांना पटविण्यास बाईंस कित्येक महिने लागले. अखेर परवानगी मिळाली आणि फ्लो-मॅटिक ही भाषा जन्मास आली. १९५८ च्या सुमारास ती गिऱ्हाइकांच्या हातीं पोहोंचली.

आतां या भाषेची रचना आमच्या विद्यार्थ्यांनीं लक्षपूर्वक पाहावी, कारण वर्गांतील प्रश्नाचें उत्तर येथेंच आहे. प्रत्येक आज्ञेस क्रमांक असे. क्रमांकानंतर पहिला शब्द नेहमीं क्रियापद, आणि तेंही आज्ञार्थी : ताडून पाहा, लिही, जा, थांब अशा अर्थाचें. क्रियापदांची यादी ठरलेली व लहान. एखाद्या वस्तूचें नांव दोन शब्दांचें असेल तर ते संयोगरेषेनें जोडावयाचे, म्हणजे यंत्र त्यास एकच शब्द समजेल. आज्ञेच्या पोटभागांमध्यें अर्धविराम, आणि शेवटीं पूर्णविराम. ज्या माहितीवर काम करावयाचें तिचें वर्णन अगदीं निराळें लिहावयाचें. आज्ञांत तें मिसळावयाचें नाहीं.

समजा, साठ्याच्या यादींतील मालाचा क्रमांक दराच्या यादींतील क्रमांकाशीं ताडून पाहावयाचा आहे. मोठा असल्यास दहाव्या आज्ञेकडे जावयाचें, सारखा असल्यास पांचव्या, एरवीं दुसऱ्या. अशी आज्ञा वाचणारें यंत्र प्रथम अक्षरें जोडून शब्द पाडतें. मोकळी जागा आली कीं शब्द संपला. मग पहिला शब्द कोष्टकांत पाहतें. ताडून पाहण्याचें क्रियापद निघालें कीं पुढें काय यावयास हवें हें त्यास लगेच कळतें : एक नांव, मग जोडणारा शब्द, मग दुसरें नांव, अर्धविराम, आणि त्यानंतर जर-तरचीं पोटवाक्यें. अपेक्षेप्रमाणें शब्द येत गेले तर प्रत्येकास त्याची जागा मिळते. नांवाच्या जागीं भलताच शब्द आला तर यंत्र अंदाजानें पुढें जात नाहीं. चूक येथें आहे, असें दाखवून थांबतें. सर्व शब्द जागेवर बसले म्हणजे मगच त्यांवरून यंत्राच्या स्वतःच्या आंकडी आज्ञा तयार होतात. या मधल्या कामास पार्सिंग म्हणतात, आणि तें करणाऱ्या भागास पार्सर. आपण वर्गांत शब्दाचें व्याकरण चालवितों व वाक्य पृथक् करतों, तेंच हें काम. नांवें निराळीं, क्रिया तीच.

मराठी वाचकाच्या मनांत येथें एक शंका येईल. आपल्या भाषेंत क्रियापद वाक्याच्या शेवटीं येतें. मग यंत्रानें तोंपर्यंत काय करावें? तोंपर्यंत आलेलीं नांवें जपून ठेवावीं लागतात. पंक्तीच्या वेळीं ताटांची चळत रचतात आणि वरचें ताट आधीं उचलतात. तशीच चळत यंत्र आपल्या स्मरणकोशांत रचतें, आणि क्रियापद येतांच वरचीं दोन ताटें उचलून काम करतें. पोलंडांतील तर्कशास्त्रज्ञ यान लुकासिएविच यांनीं १९२४ सालीं क्रियेचें चिन्ह आधीं लिहून कंसांस रजा देणारी पद्धत शोधिली होती. ती उलटी करून चिन्ह शेवटीं आणलें कीं हीच आपली मराठी वाक्यरचना होते. तीन, चार, मिळीव! या उलट्या पद्धतीवर चालणारीं हिशेबाचीं हातयंत्रें १९७२ सालापासून अभियंत्यांच्या खिशांत गेलीं. तेव्हां क्रियापद आधीं असो वा शेवटीं, नियम ठाम असला म्हणजे पुरे.

मात्र भाषा लहान असली पाहिजे, हा हॉपरबाईंच्या युक्तीचा गाभा होय. गणूनें बाळूस त्याच्या घरीं नेलें, या वाक्यांत घर कोणाचें? माणूस मागचापुढचा संबंध पाहून अर्थ लावतो. अशा लहान भाषेच्या वाचकयंत्रास ती सोय नसते. म्हणून धंद्यापुरत्या भाषेंतून असे दुहेरी अर्थ आधींच काढून टाकावे लागतात. एका वाक्याचें पृथक्करण एकाच रीतीनें व्हावें, ही तिची पहिली अट. फ्लो-मॅटिक इंग्रजीसारखी दिसे म्हणून वाटेल तें इंग्रजी तींत चालेल, असें समजणारे फसत.

पुढें निरनिराळ्या कंपन्यांच्या निरनिराळ्या भाषा होऊं लागल्या. तेव्हां सर्व यंत्रांवर चालेल अशी व्यापारी कामाची एक भाषा असावी म्हणून मे १९५९ मध्यें अमेरिकेच्या संरक्षण खात्याच्या पुढाकारानें सभा भरली, आणि १९६० सालीं कोबोल भाषा प्रसिद्ध झाली. हॉपरबाईंस कोबोलची माता म्हणण्याचा प्रघात आहे. खरें पाहतां ती भाषा एका समितीनें रचिली व बाई तिच्या वरील मंडळाच्या सल्लागार होत्या. परंतु समितीपुढें प्रत्यक्ष चालत असलेला मुख्य नमुना फ्लो-मॅटिकचाच होता. तेव्हां मातेऐवजीं आजी म्हटलें तर अन्याय होणार नाहीं. १९६० च्या डिसेंबरांत एकच कोबोल आज्ञावली दोन निरनिराळ्या कंपन्यांच्या यंत्रांवर चालवून दाखविण्यांत आली. कोबोल फार पाल्हाळिक आहे, असा दोष पुढें अनेक विद्वानांनीं दिला, आणि तो अगदींच निराधार नाहीं. पण बँका, विमा कंपन्या व सरकारी कचेऱ्या यांचे हिशेब तिनें पिढ्यान्‌पिढ्या वाहिले, हेंही तितकेंच खरें.

याच सुमारास व्याकरणाचे नियम लिहिण्याचें शास्त्रही पुढें गेलें. जॉन बॅकस यांनीं १९५९ सालीं व पीटर नॉर यांनीं १९६० सालीं संगणकाच्या भाषेचें सर्व व्याकरण थोडक्या सूत्रांत मांडण्याची पद्धत रूढ केली. १९६७ सालीं इंगरमन या अभ्यासकानें असें सुचविलें कीं, अशी सूत्रपद्धत पाणिनीनें फार पूर्वीं वापरली असल्यामुळें तिला त्याचेंही नांव द्यावें. या सूत्रांची खुबी अशी कीं एक नियम स्वतःलाच पोटांत घेऊं शकतो. मिश्र वाक्यांत मुख्य वाक्याच्या पोटीं गौण वाक्य, त्याच्या पोटीं आणखी एक, असें आपण लिहितों तसेंच तें. असें व्याकरण हातीं आलें म्हणजे प्रत्येक नियमासाठीं एक लहान आज्ञावली लिहून पार्सर हातानें रचतां येतो. किंवा तें काम दुसऱ्या साधनावर सोंपवितां येतें. १९७० नंतरच्या दशकांत अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळेंत स्टीफन जॉन्सन यांनीं यॅक नांवाचें असें साधन केलें. त्यास व्याकरणाचीं सूत्रें द्यावीं. तें पार्सर तयार करून देतें, आणि दोन नियम एकमेकांशीं भांडत असतील तर तसें कळवितें. हॉपरबाईंनीं आज्ञा लिहिण्याचें काम यंत्रावर सोंपविलें. या साधनांनीं आज्ञा वाचणारा घडविण्याचें कामही यंत्रावर सोंपविलें. आज माहितीच्या कोठारास प्रश्न विचारण्याची एसक्यूएल ही भाषा जगभर वापरली जाते. १९७४ सालीं तिचा पहिला आराखडा प्रसिद्ध झाला. तिचींही वाक्यें आज्ञार्थी क्रियापदानेंच सुरू होतात.

१९६६ च्या अखेरीस वयोमानानें बाईंस आरमारांतून निवृत्त करण्यांत आलें. परंतु आरमाराच्या यंत्रांवर भाषांचा इतका गोंधळ माजला होता कीं, पुढच्याच वर्षीं त्यांना सहा महिन्यांसाठीं परत बोलावावें लागलें. ते सहा महिने जवळजवळ वीस वर्षें चालले! व्याख्यानास जातांना त्या सुमारें एक फूट लांबीचे तारेचे तुकडे बरोबर नेत व श्रोत्यांस वांटीत. सेकंदाच्या एक अब्जांश भागांत प्रकाश जास्तींत जास्त एवढेंच अंतर जातो, हें हातांत धरून पाहतां यावें, हा हेतु. त्यांच्या कचेरींतील भिंतीवरचें घड्याळ उलटें फिरे. पूर्वापार चालत आलें म्हणून तेंच बरोबर, असें कोणी समजूं नये यासाठीं. सात घड्याळें उघडणारी मुलगी अखेरपर्यंत बदलली नाहीं.

ता. १४ ऑगस्ट १९८६ रोजीं, बोस्टन बंदरांतील कॉन्स्टिट्यूशन या जुन्या युद्धनौकेवर, त्या रिअर ॲडमिरल या हुद्द्यावरून निवृत्त झाल्या. तेव्हां त्यांचें वय ७९ वर्षांचें होतें. ता. १ जानेवारी १९९२ रोजीं त्यांचें निधन झालें आणि आर्लिंग्टन येथील लष्करी स्मशानभूमींत त्यांस मूठमाती देण्यांत आली. पुढें एका युद्धनौकेस त्यांचें नांव देण्यांत आलें, २०१६ सालीं अमेरिकेच्या अध्यक्षांनीं त्यांना मरणोत्तर मोठें पदक अर्पण केलें, आणि २०१७ सालीं येल विद्यापीठानें आपल्या एका कॉलेजास त्यांचें नांव दिलें.

विद्यार्थीमित्रांनो, भाषेच्या विषयांत गुण कमी पडल्यामुळें ज्यांचें मन यंदा खट्टू झालें आहे, त्यांनीं लॅटिनच्या परीक्षेंत मागें राहिलेली ती सोळा वर्षांची मुलगी आठवावी. तिला वर्ष थांबावें लागलें, पण तिनें पुस्तक मिटलें नाहीं. आणि गणितांत ज्यांची गति आहे, त्यांनीं व्याकरणाच्या तासास खिडकीबाहेर पाहूं नये. पुढल्या आठवड्यांत आम्ही वर्गांत नेहमींप्रमाणें फळ्यावर एक मिश्र वाक्य लिहिणार आहों. या वेळीं तें असें पृथक् करावयाचें कीं, ज्याला कांहींच समजत नाहीं अशा आज्ञाधारक यंत्रालाही तें चुकतां येऊं नये. कोठें अडलें तर अंदाज करूं नका. थांबा, आणि चूक कोठें आहे तें दाखवा.